कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग: येण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं. मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी फोनवर दर, जेवण आणि फोटो यांची चौकशी करतात. पाण्याबद्दल फार कमी जण विचारतात. आम्ही याच पट्ट्यातले, इथेच बोटी काढतो, म्हणून इथे पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मे महिन्यात कोकणातल्या नद्या आटतात. मग कुंडलिकेत राफ्टिंग होतं कसं?

कारण त्या दिवसांत कुंडलिकेत वाहणारं पाणी मुळात कुंडलिकेचं नसतं. ते घाटमाथ्यावरून येतं. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. मुळा पूर्वेकडे वाहते. तिचं पाणी भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचं. टाटांनी ते धरणात अडवलं, सह्याद्रीतून बोगदा आणि नळ काढून सुमारे 500 मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात आणलं. हे वीजघर 1927 पासून चालू आहे. वीज तयार करून सुटलेलं पाणी भिऱ्याला खालच्या तलावात साठतं. तिथून ते पुन्हा एका छोट्या वीज केंद्रातून जातं आणि मग कुंडलिकेच्या पात्रात येतं. आपली बोट चालते ती या पाण्यावर.

म्हणून आजूबाजूचे ओढे एप्रिलमध्ये कोरडे ठणठणीत असले तरी सकाळी ही नदी दोन्ही काठ भरून वाहते. त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही त्याच जागी आलात तर उघडे दगड दिसतील.

या पाण्यामागे एक जुनं दुःखही आहे. मुळशीच्या धरणात मावळातली गावं आणि भातशेती बुडाली. त्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. धरणामुळे विस्थापित होणाऱ्या शेतकऱ्यांनी या देशात दिलेल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांपैकी तो एक. बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. इथले गाइड विचारलंत तर सांगतातही.

म्हणजे पाणी रोज येतंच?

बहुतेक दिवशी येतं, पण ते राफ्टिंगसाठी सोडत नाहीत, विजेसाठी सोडतात. विजेची मागणी, वीज तयार करणाऱ्या संचाची दुरुस्ती, धरणातला साठा, यावर पाणी कधी आणि किती सुटणार ते ठरतं. भिऱ्याला पंप्ड स्टोरेजचा संचही आहे, म्हणजे मागणी कमी असताना खालचं पाणी परत वर चढवता येतं. वीजघराचं वेळापत्रक ना तुमच्या हातात, ना आमच्या. आदल्या संध्याकाळी आयोजकाला एकच प्रश्न विचारा: उद्या पाणी किती वाजता आहे?

मग सकाळी इतक्या लवकर का बोलावतात?

पाणी सहसा सकाळी सुटतं आणि बोटींना त्या पाण्याच्या लाटेबरोबर खाली जावं लागतं. उशीर झाला की पाणी पुढे निघून जातं. मागे राहिलेली बोट उथळ पाण्यात दगडांवर घासत, अडकत जाते. एकदा अडकली की सगळ्यांना उतरून ढकलावी लागते आणि घोटे मुरगळतात ते तेव्हाच. शनिवार-रविवारी महामार्गावरची कोंडी धरून निघा, किंवा आदल्या रात्रीच मुक्कामाला या. नऊ वाजता पनवेल सोडलेल्या गाडीची वाट नदी पाहत नाही.

कसं यायचं?

मुंबईहून मुंबई-गोवा महामार्गाने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66 ने, पेण, वडखळ, नागोठणे करत कोलाड. अंतर साधारण 120 किलोमीटर. पुण्याहून मुळशी आणि ताम्हिणी घाटाने उतरून विळे, सुतारवाडीमार्गे. पावसात ताम्हिणीत दरड आणि धुकं दोन्ही असतं, रात्री त्या घाटात गाडी घालू नका. रेल्वेने येणाऱ्यांनी रोह्याला उतरावं. कोकण रेल्वे तिथूनच सुरू होते आणि कोलाड हे पुढचंच स्टेशन आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. रोह्याहून रिक्षा किंवा एसटी मिळते.

बोट कुठून कुठपर्यंत जाते आणि रॅपिड किती अवघड आहेत?

वर साजे गावाच्या बाजूने बोटी पाण्यात उतरतात आणि कामत गावाजवळ बाहेर काढतात. हा टप्पा 12 ते 14 किलोमीटरचा. पाण्याच्या वेगानुसार दोन-अडीच तास लागतात.

रॅपिड म्हणजे नदीतला खळाळता, उसळता भाग. त्याची अवघडता जगभर 1 ते 6 अशा श्रेणीत मोजतात. कुंडलिका नेहमीच्या पाण्याला 2 आणि 3 श्रेणीत बसते. लाटा उसळतात, बोट आडवी होते, तोंडावर पाणी येतं, पण बहुतेक ठिकाणी वाट मोकळी असते आणि रॅपिड संपल्यावर शांत पाणी मिळतं. श्रेणी दगडावर कोरून ठेवलेली नसते, हे मात्र लक्षात घ्या. पाणी वाढलं की ती बदलते. एखादा रॅपिड मोठ्या पाण्यात बुडून सपाट होतो, तर दुसरा, जो काल नुसता खळखळत होता, तो आज बोट उलटवू शकतो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला तर अंगावर येणारा रेटा चौपट. ‘थोडंसंच पाणी जास्त आहे’ असं कुणी म्हणालं तर हा हिशोब आठवा.

सुरुवातीचा अर्धा भाग खळाळता आहे. पुढे नदी शांत होते, काठावर करंज, उंबर, अर्जुन दिसतात, खंड्या उडत जातो. गाइड परवानगी देईल तिथे जॅकेटसह पाण्यात उतरून तरंगत जाता येतं. अनेकांना ट्रिपमधला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

मला पोहता येत नाही. येऊ का?

या. लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगतं ठेवतं, पण ते नीट घातलेलं असेल तरच. सगळ्या पट्ट्या आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत सरकलं तर सैल आहे. फोटोसाठी एकही बकल सोडू नका. पोहता येत नाही हे गाइडला आधी सांगा, तो तुम्हाला बोटीत योग्य जागी बसवेल.

एक गोष्ट पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी. विहिरीत किंवा समुद्रात पोहणं वेगळं आणि वाहत्या नदीत दगडांमधून जाणं वेगळं. आमच्या किनाऱ्यावरची कोळीवाड्यातली पोरं समुद्रात बिनधास्त असतात, तीही इथे पहिल्यांदा गाइडचं ऐकतात. तुम्हीही ऐका.

बोटीतून पडलो तर काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, म्हणून सविस्तर लिहितो.

पडल्यावर पहिलं काम म्हणजे वर येऊन श्वास घेणं. डोक्यावर बोटीचा तळ लागला तर घाबरू नका. दोन्ही हातांनी तळ ढकलत एकाच दिशेने सरका, बाहेर पडाल. मग पाठीवर व्हा, पाय पुढे म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, पायाची बोटं पाण्याच्या वर दिसतील असे. गुडघे जरा वाकवलेले. आता समोर दगड आला तर त्याला पाय लागतील, डोकं नाही. हात पसरून दिशा सांभाळा. लाटेच्या खोलगट भागात श्वास घ्या, लाटेच्या माथ्यावर तोंड बंद ठेवा.

वाहत्या पाण्यात उभं राहू नका. गुडघाभर पाणी दिसलं तरी नाही. पाय दगडांच्या फटीत अडकतो, मागून पाणी रेटत राहतं, माणूस पुढे कोसळतो आणि उथळ पाण्यात बुडतो. नदीतल्या मृत्यूंचं हे एक मोठं कारण आहे आणि पाहणाऱ्याला ते खरं वाटत नाही, कारण पाणी तर कमरेएवढंही नसतं. हात खाली टेकून तळ लागेल इतकं उथळ आणि संथ पाणी मिळाल्यावरच उभे राहा.

काठावरून किंवा बोटीतून थ्रो बॅगची, म्हणजे दोरी भरलेल्या पिशवीची, दोरी फेकली तर दोरी धरा, पिशवी नाही. दोरी खांद्यावर घेऊन पाठ फेकणाऱ्याकडे करा. मनगटाला किंवा कमरेला ती कधीही गुंडाळू नका.

आडवं पडलेलं झाड किंवा पाण्यात लोंबणाऱ्या फांद्या दिसल्या तर नियम बदलतो. पाणी फांद्यांमधून आरपार जातं, माणूस अडकतो. तिथे पोटावर वळून जीव तोडून काठाकडे पोहा. टाळता येत नसेल तर डोकं पुढे ठेवून दोन्ही हातांनी खोडावर चढायचा प्रयत्न करा. पाय आधी गेले की शरीर खाली ओढलं जातं.

गाइड सारखा ओरडत असतो. ते हुकूम खरंच महत्त्वाचे आहेत का?

हो. बोटीला इंजिन नाही, तुमची वल्हीच तिचं इंजिन. ‘फॉरवर्ड’ म्हटल्यावर सगळ्यांनी एका तालात वल्हं मारलं तर बोट प्रवाहापेक्षा वेगाने जाते आणि तेव्हाच गाइडला ती वळवता येते. अर्धे थांबले, अर्धे किंचाळत बसले तर बोट पाण्याच्या मर्जीवर जाते. ‘बॅक’ म्हणजे उलटं वल्हं, ‘स्टॉप’ म्हणजे वल्हं पाण्याबाहेर, ‘गेट डाउन’ म्हणजे बोटीच्या तळाशी बसून दोरी पकडणं. वल्ह्याच्या वरच्या टोकाची मूठ एका हाताने झाकलेली ठेवा. दात आणि नाक दगडापेक्षा शेजाऱ्याच्या वल्ह्याच्या मोकळ्या मुठीनेच जास्त फुटतात.

कुणी येऊ नये?

बहुतेक आयोजक 14 वर्षांखालच्या मुलांना रॅपिडच्या टप्प्यावर घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. मूल धीट असलं तरी जॅकेट आणि हेल्मेट मापाचं हवं, आणि पाण्याचा रेटा सोसायला वजनही हवं. गरोदर स्त्रियांनी येऊ नये. हृदयविकार, फिट्स, मणक्याचं दुखणं, खांदा निखळण्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारा आणि गाइडपासून लपवू नका. दम्याचा पंप गाइडच्या जलरोधक पिशवीत द्या.

आजी-आजोबांना आणलंत तर त्यांना शांत पाण्याच्या टप्प्यावर बसवता येतं का, ते आधी विचारून ठेवा.

आदल्या रात्री दारू प्यायली तर चालेल?

नाही. सकाळी डोकं जड असलेला माणूस हुकूम उशिरा ऐकतो, दोरी उशिरा पकडतो, आणि त्याच्यामागे पाण्यात उडी गाइडला मारावी लागते. तो गाइड इथल्याच एखाद्या घरातला मुलगा असतो. राफ्टिंगच्या दिवशी सकाळी बिअरसुद्धा नको. तोंडाला वास येणाऱ्याला बोटीतून उतरवलं तर वाद घालू नका.

काय घालायचं, काय आणायचं?

लवकर वाळणारी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट. जीन्स नको. ओढणी, साडी, लोंबणारे पट्टे नकोत, ते दगडात आणि दोरीत अडकतात. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. मंगळसूत्र, साखळी, अंगठी मुक्कामी ठेवून या. चष्म्याला दोरी बांधा. मोबाइल आणू नका. कोरडे कपडे, टॉवेल आणि उन्हाळ्यात सनस्क्रीन घ्या. मार्च 2017 मध्ये याच भिऱ्यात 46.5 अंश तापमानाची नोंद झाल्याची बातमी देशभर गाजली होती. पाण्यात असताना ऊन जाणवत नाही, संध्याकाळी मान आणि मांड्या भाजलेल्या असतात.

पावसाळ्यात जास्त मजा येते म्हणतात. जुलैमध्ये यावं का?

जून ते सप्टेंबर नदीत दोन पाणी असतात: वीजघरातून सुटणारं आणि पावसाचं. पहिल्याची वेळ कळू शकते, दुसऱ्याची नाही. माथ्यावर ताम्हिणीकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला तर कोलाडला ऊन असतानाही नदी फुगते, कारण कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. डोंगरात पडलेलं पाणी खाडीपर्यंत यायला काही तास पुरतात. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आणि ओंडके वाहू लागले, काठाच्या दगडावरची ओल वर सरकली, ही तिन्ही लक्षणं तुमच्या बोटीत बसलेल्या कुणालाही दिसू शकतात. दिसली तर गाइडला सांगा.

पावसाळी राफ्टिंग सुंदर असतं हे खरं. डोंगर हिरवे, ओढे पांढरे, लाटा उंच. संततधार पण बेताचा पाऊस असेल आणि अनुभवी आयोजक तयार असेल तर जरूर या. हवामान खात्याचा रायगडला रेड अलर्ट असेल, किंवा नदी इशारा पातळीला टेकली असेल, तर त्या दिवशी कुणी ‘चला’ म्हणालं तरी उतरू नका. ऑरेंज अलर्टला आम्ही स्वतः बोटी काढत नाही. काही जण काढतात. आमचं मत स्पष्ट आहे: काढू नये.

आमच्या गावच्या नदीला मोठा पूर येतो. सावित्रीत किंवा वाशिष्ठीत आपली आपण बोट टाकली तर?

कृपया टाकू नका. हा प्रश्न महाड, चिपळूण, खेडच्या तरुण मुलांकडून येतो. त्यांची हौस आम्हाला समजते, पण पुराची नदी आणि राफ्टिंगची नदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. 22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली होतं. या नद्यांना भरती-ओहोटीचा हिशोबही आहे. उधाणाची भरती असेल तेव्हा खाडीचं तोंड पाणी घेत नाही आणि पूर मागे चढतो. वाशिष्ठीत तर कोयनेच्या वीजघरांचं पाणीही येतं, तेही कुंडलिकेसारखंच पूर्वेकडचं पाणी पश्चिमेला वळवलेलं.

बोटीच्या दृष्टीने सगळ्यात घातक जागा म्हणजे गावोगावचे बंधारे. पुरात बंधारा वरून सपाट, गुळगुळीत दिसतो. पण भिंतीवरून पडणारं पाणी खाली तळाला जाऊन परत भिंतीकडे फिरतं. त्या फिरत्या पाण्यात सापडलेली बोट, ओंडका, माणूस पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. नैसर्गिक रॅपिडमध्ये कुठेतरी बाजूला वाट असते. बंधारा काठापासून काठापर्यंत सलग असतो, म्हणून तिथे वाटच नसते. वाचवायला उतरलेले लोकही त्यात जातात. ट्रकच्या ट्यूब, थर्माकोलचे तराफे, केळीचे तराफे घेऊन पुरात उतरणाऱ्या मुलांना थांबवा. घरातली मोठी माणसं थांबवू शकतात.

परदेशात वाळवंटातल्या नद्यांमध्ये वसंतात मोठ्या पाण्याचं राफ्टिंग होतं. कुंडलिका करून तिथे जाता येईल का?

हौस असेल तर स्वप्न जरूर बघा, पण मधल्या पायऱ्या गाळू नका. अमेरिकेत युटा राज्यात कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात कोलोरॅडो नदीचा कॅटरॅक्ट कॅनियन हा भाग आहे. आजूबाजूला लाल खडकाचं वाळवंट, पाऊस नावाला, आणि तरीही मेअखेर ते जूनमध्ये नदी तुडुंब. तिथलं पाणीही लांबूनच येतं: रॉकी पर्वतावर हिवाळ्यात साठलेला बर्फ वितळून. शरदात काही हजार क्युसेक वाहणारी नदी भरपूर बर्फाच्या वर्षी 50,000 क्युसेकच्या वर जाते. ‘बिग ड्रॉप्स’ नावाचे तिथले रॅपिड तेव्हा पाचव्या श्रेणीपर्यंत पोहोचतात. 1869 साली जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकन संशोधक लाकडी होड्या घेऊन या दरीतून गेला. 1963 मध्ये खाली ग्लेन कॅनियन धरणाची दारं बंद झाली आणि दरीतले खालचे रॅपिड जलाशयाखाली गेले.

आपल्या पाण्याशी मोठा फरक थंडीचा. मे महिन्यात कुंडलिकेत पडलात तर बरं वाटतं. बर्फाच्या पाण्यात काही मिनिटांतच बोटं दोरी पकडेनाशी होतात, म्हणून तिथे वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख, लागतो. दुसरा फरक एकांताचा. इथे काठाला रस्ता आहे, तिथे दरीतून बाहेर पडायला नदीशिवाय वाट जवळपास नाही. उद्यानाची परवानगी लागते आणि बहुतेक लोक परवानाधारक आयोजकाबरोबरच जातात.

त्याआधी आपल्या देशात गंगेवर ऋषिकेशला आणि मग लडाखला जा. लडाख हेही शीत वाळवंट. तिथल्या झांस्कर नदीला जुलै-ऑगस्टमध्ये हिमनद्यांचं पाणी असतं. कुंडलिकेत वल्ह्याचा ताल आणि पडल्यावर पाय वर ठेवायची सवय नीट अंगी बाणली तर या सगळ्या ठिकाणी तीच उपयोगी पडते.

आयोजक कसा निवडायचा?

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी आहे का, ते विचारा. मग विचारा: बोटींबरोबर बचावासाठी कयाक, म्हणजे एका माणसाची छोटी होडी, असते का? प्रत्येक बोटीत थ्रो बॅग आणि प्रथमोपचार पेटी असते का? गाइडने बचावाचं प्रशिक्षण घेतलंय का? सर्वांना हेल्मेट मिळतं का? विमा आहे का? जो दराच्या आधी या प्रश्नांची उत्तरं नीट देतो, त्याच्याकडे जा. पाण्यात उतरण्याआधीची सूचना पाच मिनिटांत उरकली जात असेल तर मागे फिरा, पैसे गेले तरी.

गाइड शक्यतो स्थानिक असावा. साजे, भिरा, पाटणूस पट्ट्यातली मुलं या नदीच्या दगडांशी लहानपणापासून खेळली आहेत. कुठल्या पाण्याला कुठला दगड वर येतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

पाणी स्वच्छ आहे का?

राफ्टिंगचा टप्पा वरच्या अंगाला आहे. धाटावची औद्योगिक वसाहत खाली रोह्याजवळ आहे. तरी नदीचं पाणी पिऊ नका. पावसाळ्यात पायाला चीर किंवा जखम असेल तर उतरू नका. कोकणात त्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) असतो. नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना ‘नदीत उतरलो होतो’ हे आवर्जून सांगा. आणि वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या काठावर टाकू नका. ते सगळं रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रात जातं आणि आमच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतं.

जेवणाचं काय?

आसपासच्या घरगुती खानावळींत तांदळाची भाकरी, मासे किंवा गावठी कोंबडी मिळते. सकाळी जड खाऊन बोटीत बसू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत आलात तर पोपटीची चौकशी करा: वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजलेल्या.

पाणीच सुटलं नाही किंवा पावसामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात का?

प्रत्येकाचा नियम वेगळा, म्हणून पैसे भरण्याआधी लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही चालेल. पाणी न सुटल्यास पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख, यावर ठाम राहा. सुरक्षेसाठी गाइडने ऐनवेळी फेरी रद्द केली तर मात्र त्याच्याशी भांडू नका. तुमच्या गटातल्या कुणाला तरी तो घरी सुखरूप पाठवत असतो. पुढची तारीख घ्या आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करून पाण्याची वेळ विचारा.